डोक्यावरून हात नेताना

सुवा, २ जून

दादा,

दार वाजवणं त्यांनी अजून थांबवलेलं नाही, म्हणून अक्षर वाकडं येतंय. माझी मैत्रीण तोरिका दाराला पाठ लावून बसली आहे आणि उद्याच्या बाजारासाठी दालोच्या गड्ड्यांवरची माती खरवडते आहे. खोली तिची, दार तिचं, त्यामुळे उत्तरंही तीच देते. मी फक्त लिहिते.

बाहेर सासरकडून एपारामाचे वाइसाके काका आलेत. सोबत आणखी दोघंतिघं. आवाज कुणाचाच चढलेला नाही. काका म्हणतात, वासिती, पोरी, आभाळ भरलंय, म्हाताऱ्याला आत तरी घे.

तोरिका म्हणाली, "मग छत्री आणायची होतीत काका, देवमाशाचा दात कशाला आणलात?"

बाहेर कुणीतरी हसलं. मग कुणीतरी त्याला गप्प केलं.

तबुआ आणलाय त्यांनी, माफीचा दात. पिशवीत आहे, पण त्याची दोरी बाहेर लोंबते आहे. खिडकीच्या फटीतून मी पाहिली. मला द्यायला नाही आणला. मला कोण देईल? मी आई आहे फक्त. तो तुझ्याकडे निघालाय एवढं सांगायला आलेत, म्हणजे मी सासरी परत जायच्या तयारीला लागावं.

म्हणून त्यांच्या आधी हे पत्र. बोटीचा कप्तान ते लैसानी वहिनीच्या हातात देईल.

आपण बोलत नाही. मी मोठी झाले त्या दिवसापासून आपण एका चटईवर बसलो नाही, एकमेकांचं नाव घेतलं नाही. भावाबहिणीची रीत आहे, मीही पाळली. काही सांगायचं तर मी वहिनीला सांगायचं आणि तिनं तुला. माझं बोलणं तिच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाईस्तोवर त्यातलं मीठ निघून जातं. लिहिण्याबद्दल रीत काय म्हणते ते मला ठाऊक नाही. विचारलं नाही, विचारणारही नाही.

तर तुझा भाचा रुपेनी मोठ्या हॉस्पिटलात आहे. डोक्याला मार आहे. बरा आहे. मार त्याच्या बापानं, एपारामानं दिला. पोलिसांना मी सांगितलं. एपारामाला जामीन मिळालाय, आमच्याजवळ यायची त्याला बंदी आहे, म्हणून काका आलेत. काका वाईट माणूस नाहीत. वाईट माणसाला अशा कामाला कुणी पाठवत नाही.

तेवीस तारखेला, सोमवारी, कोर्ट आहे. रुपेनी कुणाकडे राहणार ते त्या दिवशी ठरेल. पोलिसातली बाई म्हणाली, तबुआ दिला-घेतला म्हणून खटला थांबत नाही. कागदावर नाही थांबत. पण तू तो दात हातात घेतलास की सोमवारी त्यांचा वकील उभा राहील आणि सांगेल, साहेब, आईकडच्या माणसांनी माफी स्वीकारली, दोन्ही घरांचं मिटलं, पोराला बापाच्या घरी जाऊ द्या. आणि साहेबांना जेवायला जायची घाई असेल.

मामानं माफी दिली की भाच्याचं भांडण संपतं. तुला ठाऊक आहे, त्यांना ठाऊक आहे. त्यात माझं हो किंवा नाही कुठं लागत नाही.

नाताळानंतर तू तो घेतलास. तेव्हाही रुपेनीच होता, तेव्हाही डोकंच होतं. मी त्याला घेऊन तुझ्या घरी आले होते. तुम्ही पुरुष मिटलं म्हणून करवंट्या भरभरून यंगोना प्यायलात, टाळ्या वाजवल्यात, आणि स्वयंपाकघरात वहिनीनं माझी पिशवी भरायला घेतली. पुढच्या बोटीनं मी परत.

या खेपेला घेऊ नकोस. ही विनंती नाही. सांगते आहे.

आणि पोरानं काय केलं होतं ते विचारू नकोस. कारण लिहिलं तर तू ते तराजूत घालशील.

दार वाजायचं थांबलं. तोरिका म्हणते, गेले नाहीत, पायरीवर बसून संत्री खातायत. पाच मिनिटांपूर्वी तिनंच खिडकीतून दिली.

वासिती


सुवा, ९ जून

दादा,

तुझा निरोप मिळाला. अक्षर वहिनीचं आहे, वाक्यं तुझी. ती कुठं संपतात त्यावरून कळतं.

पोरं पडतात, असं तू म्हणतोस. बापाचा हात बापाचा असतो. घरातलं उष्टं कोर्टात नेऊन कुणाचं पोट भरलंय. हे सगळं येणार, असं मी धरूनच चालले होते. पण पुढं तू लिहवलंस की एपारामासारखा रीतीचा माणूस आसपासच्या बेटांत नाही. शाळामास्तर असून सभेत गुडघ्यांवर चालतो. म्हाताऱ्यांच्या पुढून कधी ताठ जात नाही. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून साधी काडेपेटी घ्यायची झाली तरी तिलोऊ म्हणून माफी मागितल्याशिवाय हात नेत नाही. डोक्याचा एवढा मान राखणारा माणूस स्वतःच्या पोराच्या डोक्यावर घाव घालेल का, असं तू विचारतोस.

त्याखाली वहिनीनं स्वतःचं एक वाक्य घुसडलंय. "तुझ्या भावाला अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि बाकीचं वाचायला जे लागतं ते दुकानात मिळत नाही. पोरगा काय खातो ते कळव." तिला सांग, बिस्किटं. दुसरं काही नाही.

तिलोऊ. बरं झालं तो शब्द तूच काढलास. मी त्याच्यापर्यंत कशी पोचणार होते ते मला सुचत नव्हतं.

त्या दुपारी इमर्जन्सीत गर्दी होती. एपारामानं रुपेनीला खांद्यावर घेतलं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्त होतं आणि लोक आपणहून वाट देत होते. पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावरून पडला, असं त्यानं टेबलापाशी सांगितलं. चांगलं सांगितलं. चौथरा केवढा उंच, खाली काय, पोरगा काय करत होता, सगळं. वर्गात सांगावं तसं. मी त्याच्या मागे उभी होते. बायका जिथं उभ्या राहतात तिथं.

सिस्टर सालानिएता म्हणून होती, आपल्याच बाजूची. तिनं रुपेनीला खाटेवर बसवलं. तो रडत नव्हता. तिनं हात धुतले, पुसले, आणि आपण सगळे म्हणतो तसं म्हणाली, "तिलोऊ, बाळा." आणि हात त्याच्या डोक्याकडे नेला.

रुपेनीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. कोपरं तोंडापुढं जुळवली. डोळे मिटले. आणि थांबला.

ओरडला नाही. मागे सरकला नाही. थांबला. पुढचं ठाऊक असलेला माणूस थांबतो तसा.

सिस्टरचा हात हवेतच राहिला. एपारामा म्हणाला, सुईला भितो हो, लहानपणापासून.

मग डॉक्टर गाउंडर आले. ते उसाच्या बाजूचे, भारतीय घरातले. आपल्या रीतीभाती त्यांना ठाऊक असतील, पण त्या दुपारी त्यांना वेळ नव्हता. तिलोऊ नाही, काही नाही. आले ते सरळ दहाही बोटं रुपेनीच्या केसांत घातली. मागे, पुढे, कानांच्या वर. जखमेपाशी बोट गेलं तेव्हा रुपेनीनं आवंढा गिळला, तेवढंच. हात खाली मांडीवरच राहिले. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतं? तो म्हणाला, बिस्किट आहे का?

सिस्टर हे पाहत होती. पोरगा हाताला भीत नव्हता. शब्दाला भीत होता.

तिनं एपारामाला कसला तरी कागद देऊन दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. अगदी अदबीनं, त्याला "मास्तर" म्हणून. मला पडद्याआड घेतलं. कुणी मारलं, असं तिनं विचारलं नाही. मी त्याचं उत्तर वाटेत पाठ करून आले होते, तेही टाकीचंच होतं. तिनं विचारलं, "घरात हा शब्द कोण म्हणतं?"

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "त्याचे बाबा."

स्वतःच्या घरात एवढ्याशा पोराला तिलोऊ कुणी म्हणत नाही, दादा. तू तुझ्या पोरांना म्हणतोस? एपारामा म्हणायचा. म्हणे, पोराला रीत लागावी. शाळेची पितळी घंटा तो सुट्टीत घरी आणतो, चोरीला जाऊ नये म्हणून. ती फळीवर असते. फळीखाली रुपेनीची चटई. एपारामा यायचा, तिलोऊ म्हणायचा, रुपेनीच्या डोक्यावरून हात नेऊन घंटा काढायचा. आतला लोलक बोटात धरायचा. वाजू नये म्हणून.

डोक्यावरून हात नेल्याची माफी त्यानं दर वेळी मागितली. एकदाही चुकला नाही. रीतीचा माणूस आहे, तू बरोबर लिहवलंस.

डॉक्टरांनी नंतर मला रुपेनीचे तळवे उघडून दाखवले. म्हणाले, उंचावरून पडणारं पोर आधी हात टेकतं. हात खरचटतात, गुडघे फुटतात. याचे बघा. स्वच्छ होते. सकाळी मीच धुतले होते. मग त्यांनी काचेवर त्याच्या डोक्याचा फोटो लावला. त्यात एक रेघ होती, आणि तिच्यापासून थोडी दूर आणखी एक, पुसट. ही जुनी असावी, म्हणाले, कधीची? मी सांगितलं, नाताळानंतरची.

ती दुसरी रेघ तुझ्या ओळखीची आहे. तिच्यावरच तुम्ही यंगोना प्यायलात.

वासिती


सुवा, १४ जून

दादा,

रुपेनीला सोडलं. तोरिकाच्या खोलीत आहे. तिच्या तराजूची वजनं ओळीनं मांडतो, मोडतो, पुन्हा मांडतो. तोरिका त्याला म्हणते, "ए वाण्या, उधारी नाही हं." तो हसतो. उशिरा हसतो, पण हसतो.

तो बरा आहे असं मी लिहिलं होतं. पुरता नाही. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही. मोठ्यानं बोललं तर थोडं येतं. डॉक्टर म्हणतात, परत येईल, किंवा येणार नाही. हे मी आधी लिहिलं नव्हतं, कारण तू दयेनं ठरवावंस असं मला नको होतं. तुम्हा लोकांची दया तिसऱ्या करवंटीपर्यंत टिकते. आता लिहिते ते एवढ्यासाठी की तो तिथं आला तर त्याला तुझ्या डाव्या हाताला बसव. म्हणजे त्याचा चांगला कान तुझ्याकडे राहील.

तो येणार आहे. वहिनीचा निरोप आला. वाइसाके काका बुधवारच्या बोटीनं निघतायत, गुरुवारी सभेच्या घरात माफीचा विधी. गावच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, पोरगा समोर हवा, ज्याची माफी मागायची तोच नसेल तर दात कुणापुढं ठेवायचा. आणि पोराच्या आईनं सुव्यातच थांबावं, ते बरं दिसेल.

मी येते आहे. रुपेनी त्या गावचा वासू आहे, गावच्या लेकीचा पोर. आईच्या गावात वासूला कुणी अडवत नाही. तुझी कोंबडी, तुझी होडी, तुझ्या ताटातला मासा, जे हवं ते उचलायचा त्याला हक्क आहे. त्याला आत घेतलंत तर त्याचा हात धरून आलेल्या बाईला बाहेर कसं ठेवता ते मला बघायचंय.

तोरिका म्हणाली, "जा, पण नवा झगा घालून जा. रडक्या बाईचं कुणी ऐकत नाही. चांगल्या झग्यातल्या बाईचंही ऐकत नाहीत, पण निदान झगा तरी होतो." निळा घेतला. पांढरी फुलं आहेत.

मी दाराशी बसेन, बायकांत. एक शब्द बोलणार नाही. तुझ्या तोंडाकडे बघेन. बहिणीनं भावाच्या तोंडाकडे असं बघायचं नसतं, ठाऊक आहे.

आणि हेही आत्ताच सांगून ठेवते. तू तो दात घेतलास तरी सोमवारी मी कोर्टात उभी राहणार. फक्त मग एका घराविरुद्ध नाही, दोन्ही घरांविरुद्ध बोलेन. साहेब विचारतील, माफी कुणी स्वीकारली? मी तुझं नाव घेईन. इनोके. बघ, इथं घेतलं. कागद फाटला नाही. तिथं मोठ्यानं घेईन.

मला घराबाहेर काढाल, एवढंच ना? मी बाहेरच आहे. तोरिकाची खोली लहान आहे, पण तिच्यात फळी नाही.

वासिती


बेटावर, १९ जून, संध्याकाळ

दादा,

तू भिंतीपलीकडे आहेस. खोकतोयस ते ऐकू येतंय. तरी लिहिते आणि वहिनीकडे देते. दुपारी तू खाली पाहत होतास. समोरून दात येत असला की माणसानं खालीच पाहायचं असतं. म्हणून तुला जे दिसलं नाही, तेवढंच लिहिते.

येताना आम्ही सगळे एकाच बोटीत होतो. दुसरी बोट कुठं आहे? काकांनी रुपेनीला संत्रं सोलून दिलं. पिशवी त्यांच्या मांडीवर होती. दोघांनी मिळून संत्रं खाल्लं आणि बिया पाण्यात थुंकल्या, कुणाची लांब जाते बघत. मी हे मुद्दाम लिहिते. कोर्टात विचारलं तर तिथंही सांगेन. काकांवर माझा राग नाही.

इथं आल्यापासून रुपेनी तुझ्या मागे होता, ते तुला ठाऊक आहे. तुझा लाल कोंबडा त्यानं पायाला धरून अख्ख्या गावातून फिरवला आणि म्हातारे हसून दुमडले. वासूच्या राज्यात कोंबड्याला न्याय नाही, असं कुणीतरी म्हणालं. वहिनी त्याला तळलेले गोळे खाऊ घालत होती. "तुझी आई तुला भाषणं खाऊ घालते काय रे? वाऱ्यानं उडशील." त्यानं चार खाल्ले. इतक्या दिवसांत बिस्किटं आणि त्या संत्र्याशिवाय पहिलं अन्न.

सभेच्या घरात तू त्याला डाव्या हाताला बसवलंस. पत्र वाचल्याचं मला तेव्हा कळलं.

काकांचं भाषण चांगलं झालं. मीसुद्धा ऐकत राहिले. दोन घरांना बांधणारी दोरी, ती कशी उसवली, ती या दातानं पुन्हा कशी वळायची. एपारामाचं नाव एकदाच घेतलं. घंटा नाही, डोकं नाही. "जे घडलं" म्हणाले. जे घडलं त्याचं दुःख आहे, जे घडलं ते परत घडणार नाही. पाऊस झाल्यासारखं.

तोवर रुपेनी सरकत सरकत तुझ्या पुढ्यात गेला होता. यंगोनाच्या परातीपासून तुझ्याकडे येणारी दोरी असते ना, तिच्या टोकाच्या कवड्यांशी खेळत होता. दुसऱ्या पोराचा कान पिळला असता. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

मग काका दोन्ही हातांत तबुआ धरून गुडघ्यांवर पुढं आले. रुपेनीच्या डाव्या बाजूनं आले. तुझे हात मांडीवर होते, तळवे वर. मी तुझे हात पाहत होते. ते उचलायच्या बेतात होते. नाही म्हणू नकोस, मी पाहिलंय.

मध्ये रुपेनी. त्याच्या डोक्यावरून दात पुढं न्यायचा, म्हणून काका हळूच म्हणाले, "तिलोऊ."

रुपेनीला ऐकू आलं नाही. तो कवड्या मोजत होता.

काका थांबले. पोरानं ऐकलं नाही असं त्यांना वाटलं. माणूस अदबीचा. न ऐकलेली माफी ते माफी धरत नाहीत. म्हणून ते जवळ वाकले आणि पुन्हा म्हणाले. या खेपेला मोठ्यानं, प्रेमानं. "तिलोऊ, बाळा."

हे तू ऐकलंस. त्यानंतरचं मी सांगते.

कवडी खाली पडली. हात वर गेले. कोपरं जुळली, डोळे मिटले. आणि तो थांबला.

वर काकांचे दोन हात, हातांत तो दात. खाली पोरगा घावाची वाट बघतोय. सगळं घर बघत होतं. यंगोना ढवळणाऱ्याचा हात परातीत तसाच राहिला. तो शब्द त्या घरात सकाळपासून प्रत्येकानं म्हटला होता, दारातून आत येताना, कुणाच्या मागून जाताना, टोपली उतरवताना. कुणाच्याही पोरानं हात वर नेले नव्हते. एकेकाच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. आधी म्हाताऱ्या बायकांच्या. काका शेवटी. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दात कुठं ठेवावा ते त्यांना समजेना. पुढं नेता येईना, मागे घेता येईना.

मग तू वाकलास. इतका, की तुझं डोकं रुपेनीच्या गुडघ्यांच्या खाली गेलं, चटईला लागलं. आपल्या कुळाचा थोरला, सगळ्या गावादेखत. त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला तोंड करून तू काहीतरी म्हणालास. मला ऐकू आलं नाही. विचारणारही नाही. मग त्यानं एक हात खाली घेतला. थोड्या वेळानं दुसरा.

तू उठून बसलास आणि दाराकडे पाहिलंस. सरळ माझ्याकडे.

"वासिती," तू म्हणालास. "किती वेळा?"

माझ्या शेजारी बसलेल्या वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

मी म्हणाले, "मोजलं नाही."

तू काकांना म्हणालास, "काका, दात पिशवीत ठेवा."

एवढंच झालं. टाळ्या नाहीत, करवंट्या फिरल्या नाहीत. काकांनी दात पिशवीत ठेवला. दोरी पुन्हा बाहेरच राहिली. म्हातारे उठून समुद्राकडे तोंड करून बसले. उद्यापासून ते तुला काय काय म्हणतील ते तुला माहीत आहे. चांगला दात, चांगलं भाषण, आणि इनोकेनं हात पुढं केला नाही. त्यातलं काही माझ्यासमोर म्हणाले, तर ते मी ऐकून घेणार नाही. मी तोंडावर उत्तर देईन. आता मला सवय लागली आहे.

स्वयंपाकघरात वहिनी म्हणाली, "तुझ्या भावाला इतक्या वर्षांनी बहिणीचं नाव आठवलं. आता बायकोचं कधी आठवतं बघू." आणि मग माझ्या नव्या झग्याला तोंड पुसलं. डाग पडलाय.

मी आभार मानत नाही. नाताळानंतर तू हाच प्रश्न विचारला असतास तर उत्तर मोजता आलं असतं, आणि त्याला दोन्ही कान असते. सभेत हे म्हणाले नाही, पोरगा तिथं होता म्हणून. इथं म्हणते. ते तुझ्यापाशी राहू दे.

सोमवारी मी बोलणार आहे. तुझं नाव घ्यायची गरज पडली तर घेईन, पण वेगळ्या वाक्यात.

वासिती


२० जून, सकाळ

परतीची बोट तीच. काका पुढं बसले, मांडीवर पिशवी. मी मध्ये, रुपेनी माझ्याजवळ, लाल कोंबडा टोपलीत. तू मागे, इंजिनापाशी, सुव्याला जायचे कपडे घालून. येतोस असं तू सांगितलं नव्हतंस. मी विचारलं नाही. सगळ्या वाटेत बोलला तो फक्त कोंबडा.

धक्क्याला लागल्यावर काका आधी उतरले. माझी पिशवी रुपेनीच्या मागे, फळ्यांवर होती. तू वाकलास आणि त्याच्या डोक्यावरून हात नेऊन ती उचललीस. धक्क्यावर आपल्या गावचे दोघं उभे होते, ते बघत होते. तू तिलोऊ म्हटलं नाहीस.

रुपेनी बिस्किट खात होता. खात राहिला.